अंगणातला पाला जाळण्याआधी



थंडी पडली की आपल्या वसई-विरारमध्ये अंगणाअंगणात पाल्याचे ढीग दिसू लागतात. देशी बदामाची पाने लाल होऊन गळतात, आंब्याखालीही सुका पाला साचतो. मग झाडू, काडेपेटी आणि धूर. मीही कित्येक वर्षे हेच केले. गेल्या हिवाळ्यात मात्र पेटलेल्या ढिगातून एक सापसुरळी धडपडत बाहेर आली. आतल्या मुंग्यांना तेवढाही वेळ मिळाला नाही.

त्या संध्याकाळी प्रतिक्रमणात ‘सात लाख’ सूत्र म्हणताना मी अडखळले. त्यात अग्निकायाच्या ७ लाख योनी आहेत, प्रत्येक वनस्पतिकायाच्या १० लाख. संध्याकाळी त्यांची क्षमा मागायची आणि सकाळी पुन्हा काडी ओढायची? पाणी गाळण्यात, कंदमुळे टाळण्यात आपण इतक्या काटेकोर. मग आपली जयणा स्वयंपाकघरातच का थांबते?

म्हणून माझे स्पष्ट मत आहे: पाला जाळू नका, झाडालाच परत द्या. पावसाळा संपला की आपल्याकडे जून उजाडेपर्यंत जमीन सुकतच जाते. आळ्यात तीन-चार बोटे जाडीचा पाल्याचा थर असला की ओल टिकते, पाणी कमी लागते आणि कुजलेल्या पानांचे खत होते. खोडाभोवती मात्र वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर साल कुजते. बुंध्याजवळ आग लावली तर साल आणि वरवरची मुळे भाजतात, ते वेगळेच.

सासूबाईंनी लगेच विचारले, “अगं, ओल्या पाल्यात जीव होणार, मग ती हिंसा नाही का?” प्रश्न खरा आहे. म्हणूनच मी ढीग रचत नाही, पातळ थर पसरते. एकदा पसरला की उकरत नाही, त्यावर पाय देत नाही, पाणी बेताने घालते. हिंसा पूर्ण टळत नाही, हे मान्य. पण जिवांना तिथे जगू देणे आणि त्यांना जाळणे एकच कसे?

कायदाही हेच सांगतो. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी केली. त्या आदेशात दंड किमान ५,००० रुपये ठरवला होता.

आणि आपल्या सोपाऱ्याची आठवण ठेवा. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना तिथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्याच अशोकाच्या दिल्लीतल्या स्तंभावर आज्ञा कोरलेली आहे की, ज्यात जीव आहेत असा भुसा जाळू नये. तो राजा बौद्ध होता. आपण तर महावीरांच्या लेकी.

उद्या सकाळी अंगण झाडाल तेव्हा काडेपेटी घरातच राहू द्या.