टिकलीची मोहरकी

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, लोणची-पापड, मुलांचे डबे आणि कपड्यांवरचे डाग यांच्या या सदरात घोडा कुठून आला? खरं सांगू? आमच्या घरातही तो असाच आला, न सांगता-सवरता.

२०२४ सालच्या दत्तजयंतीला मामंजी सारंगखेड्याच्या यात्रेला गेले होते. तापीच्या काठी एकमुखी दत्ताचं देऊळ आहे आणि त्या यात्रेत घोड्यांचा केवढा बाजार भरतो, हे खानदेशातल्या भगिनींना मी काय सांगायचं! मामंजींच्या वडिलांचे टांगे होते. त्यामुळे यात्रेत जायचं, घोड्यांचे दात बघायचे, भाव विचारायचे आणि हात हलवत परत यायचं, हा त्यांचा दर वर्षीचा शिरस्ता. या वेळी मात्र दारात टेंपो थांबला आणि त्यातून दीड वर्षाची एक वछेरी उतरली. उतरली कसली, चौघांनी ओढून काढली! रंगाने कुमैत, म्हणजे आपल्या खारकेसारखी, आणि कपाळावर एवढासा पांढरा ठिपका. आमच्या लेकीने तिथल्या तिथे नाव ठेवलं, टिकली. सासूबाईंनी मात्र कपाळाला हात लावला.

बिचारीच्या तोंडाला नायलॉनची बारीक दोरी आवळून बांधलेली होती. नाकाच्या हाडावर आणि कानांमागे तिच्या जखमा झाल्या होत्या. कुणी हात वर केला की ती भिंतीला जाऊन भिडे आणि थरथर कापे. १८ डिसेंबरला जनावरांचे डॉक्टर आले. चार माणसांनी तिला पाडून धरलं, तेव्हा कुठे दोरी कापता आली, जखमा धुता आल्या आणि धनुर्वाताची लस देता आली. घोड्यांना धनुर्वाताचा धोका इतर जनावरांपेक्षा पुष्कळ जास्त असतो, म्हणून ती लस टाळता येत नाही.

डॉक्टर जाताना म्हणाले, “दुसरा डोस चार आठवड्यांनी. जखमा भरेपर्यंत तोंडाला काही बांधू नका. पण तोवर हिला माणसाची सवय करा. दर वेळी असं पाडायचं म्हटलं, तर एक दिवस हिचा पाय मोडेल, नाही तर माझा.”

आमच्या ह्यांनी त्यावर निकालच देऊन टाकला. “संक्रांतीपर्यंत जमलं तर ठेवू. नाही तर व्यापाऱ्याला परत.” धाकट्या भाऊजींचा उपाय याहून सोपा होता. दोन दिवस उपाशी ठेवायची, खुंटाला जखडायची आणि वर दोन फटके!

आता सवय करणार कोण? मामंजींचा गुडघा धरलेला. पुरुषमाणसं नऊच्या ठोक्याला बाहेर पडतात. माझी शाळा साडेअकराची, तीही अर्ध्या वेळेची. म्हणजे सकाळचे दोन तास घरी मी. आणि मी तर या घरात आल्यापासून घोड्याच्या सावलीलाही उभी राहिले नव्हते! लग्न झालं तेव्हा मागच्या दारी एक म्हातारी घोडी होती. ती नुसती फुरफुरली तरी माझ्या हातातली कळशी निसटायची.

मामंजी निंबाखाली खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, “सूनबाई, निवडायची भाजी घे आणि कुंपणात जाऊन बस. दाराजवळ स्टुलावर बस, म्हणजे पटकन उठता येईल. तिच्याकडे बघू नकोस.”

तीन दिवस मी मेथी निवडली. टिकली लांबच्या कोपऱ्यात आणि मी दारापाशी, दोघीही भ्यालेल्या. माझ्या एक लक्षात आलं. माझं तोंड तिच्याकडे असलं की तिचे कान मागे पडत. मी कुशीवर वळून बसले की ते हळूच माझ्या दिशेने फिरत. कान जिकडे, तिकडे घोड्याचं लक्ष, असं मामंजी सांगत. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. आजूबाजूचं त्याला पुष्कळ दिसतं, पण अगदी नाकासमोरचं आणि थेट पाठीमागचं दिसत नाही. म्हणून समोरून एकदम कपाळाला हात लावायला गेलं की ते बुजतं. पळून जाणं हेच त्याचं संरक्षण. आपण त्याला उगाच खोडी म्हणतो.

चौथ्या दिवशी मेथीच्या काड्यांच्या वासाने ती आली. माझ्या पदराला हुंगलं आणि गेली. मला हात पुढे करायचा मोह झाला होता, पण निंबाखालून खाकरल्याचा आवाज आला. मी हात आवरला.

मग हात लावायचा धडा सुरू झाला. समोरून किंवा मागून जायचं नाही, खांद्याच्या बाजूने तिरकं जायचं, तोंडाने काहीतरी बोलत. मी पाढे म्हणत असे, शाळेतली सवय! तळहात खांद्यावर ठेवायचा, तीन अंक मोजायचे आणि काढून घ्यायचा. इथेच खरी मेख आहे. हात ठेवणं सोपं, तो वेळेवर काढणं अवघड. ती उभी असताना हात काढला, तर ती शिकते की उभं राहिलं की हे संपतं. ती उधळल्यावर काढला, तर ती शिकते की उधळलं की सुटका होते. घोडं आपल्या हाताच्या दाबावरून शिकत नाही, तो दाब कधी थांबतो त्यावरून शिकतं. आठवडाभर माझ्या हातून उलटंच होत होतं, कारण ती हलली की मी आधी दचकत असे.

तीन अंकांचे दहा झाले, दहाचे तीस झाले. मानेच्या मुळाशी, जिथे आयाळ संपते, तिथे घोडी एकमेकींना दातांनी खाजवतात. तिथे आपण बोटांनी खाजवलं तर त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असं प्रयोगांतही दिसून आलं आहे. मी तिथे खाजवू लागले तशी टिकली मान खाली सोडून डोळे अर्धे मिटू लागली. मग खांद्यावर टॉवेल, मग गळ्यावरून नुसता सैल दोर. रोज सकाळी पंधरा मिनिटं आणि संध्याकाळी पंधरा मिनिटं, याहून जास्त नाही. कंटाळायच्या आत थांबायचं. कानांकडे मात्र शेवटपर्यंत जायचं नाही, कारण दुखलं होतं ते तिथेच.

जखमा भरत आल्या तशी मामंजींनी बसल्या बसल्या मोहरकी विणली. जुन्या खाटेची सुती नवार होती, ती उपयोगी पडली. नाकावरच्या पट्टीला मी माझ्या विरलेल्या साडीचं मऊ अस्तर शिवलं. नाकपट्टी गालाच्या हाडाखाली दोन बोटांवर यावी, त्याहून खाली उतरू नये, कारण खाली नाकाचं हाड नाजूक असतं आणि श्वासही कोंडतो. पट्टीखाली आपली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. पहिल्या दिवशी मोहरकी नुसती हुंगायला दिली. दुसऱ्या दिवशी नाकावरून सरकवून लगेच काढली. पाचव्या दिवशी कानांमागची पट्टी बांधली आणि विसाव्या अंकाला सोडली. मला वाटलं, जिंकलं!

मैत्रिणींनो, आता माझी चूक सांगते. जानेवारीचा पहिला आठवडा होता आणि शाळेला उशीर झाला होता. टिकलीला उन्हातून गोठ्यात न्यायचं होतं. ती उंबऱ्याशी अडली. मी ओढलं, तिने मागे ओढलं. घड्याळाचा राग माझ्या हातात उतरला आणि पकड घट्ट व्हावी म्हणून मी दोर पंजाला गुंडाळला. ती एकदम दोन पायांवर झाली. मी चार हात फरफटले आणि तळहाताची साल निघाली. दोर आणखी एक वेढा बसला असता, तर बोटंच गेली असती.

दोर कधीही हाताला गुंडाळू नका. जास्तीचा दोर घड्या करून मुठीत धरावा, म्हणजे हिसका बसला की सुटतो. हात नळाच्या गार पाण्याखाली बराच वेळ धरला, साबणाने हलकेच धुतला आणि दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. टिकलीबरोबर आता माझंही झालं!

संध्याकाळी मामंजी रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, “ओढलंस ते चुकलंच. पण उंबऱ्याशी तिने एक पाऊल पुढे टाकलं होतं. तेव्हा दोर सैल केलास का?”

केला नव्हता. मला ते पाऊल दिसलंच नव्हतं. मला गोठा दिसत होता.

त्याच रात्री लेक गणिताची वही घेऊन आली. पाच गणितांपैकी चार बरोबर होती. माझं बोट नेहमीप्रमाणे पाचव्यावर गेलं, आणि बँडेजमुळे थोडं अडखळलं. एवढंच सांगते. बाकी तुम्ही आया आहात.

बी.ए.ला इतिहास शिकताना झेनोफन हे नाव परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. या ग्रीक माणसाने सुमारे तेवीसशे-चोवीसशे वर्षांपूर्वी घोड्यांवर एक पुस्तक लिहिलं. रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये, हा त्यातला महत्त्वाचा उपदेश. पेपरात यावर मार्क मिळाले असते, अंगणात तळहात सोलून निघाला.

पुढचे चार दिवस पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा मेथी, पुन्हा पाढे. टिकली दोर पाहून कोपरा धरत होती, आणि ते तिचं बरोबरच होतं. मग चालवण्याचा धडा नव्याने केला. तिच्या पुढे जाऊन ओढायचं नाही, खांद्याजवळ उभं राहायचं. दोराला सरळ नाही, थोडा बाजूला, हलकासा ताण द्यायचा आणि तसाच धरून थांबायचं. वाढवायचा नाही, हिसडायचा नाही. तिचा तोल नुसता पुढे झुकला तरी त्या क्षणी दोर सैल! आधी अर्धं पाऊल, मग एक, मग चार. १३ जानेवारीला, भोगीच्या दिवशी, ती माझ्याबरोबर उंबरा ओलांडून गोठ्यात आली. घरात भाकरी-भाजीची घाई होती, त्यामुळे पाहायला मामंजींशिवाय कुणी नव्हतं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. चार माणसं नव्हती, फक्त मी दोर धरून. सुई लागली तशी टिकली दोन पावलं मागे सरली. मी तिच्याबरोबर दोन पावलं गेले, दोर ताणला नाही. ती थांबली, मी हात खाली घेतला आणि तिने मान माझ्या खांद्याशी आणली. कानांना हात लावलेला तिला अजून आवडत नाही. खुंटाला बांधणंही सावकाशीने चाललं आहे. पाठीवर बसण्याची तर एवढ्यात गोष्टच नको, कोवळी हाडं आहेत. पण व्यापाऱ्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. भाऊजी आता बाजारातून तिच्यासाठी गाजरं आणतात, आणि मला विचारून उभी चिरतात. गोल चकत्या घशात अडकतात ना!

तुमच्या दारी घोडा नसेल, पण सुट्टीत मुलांना घेऊन माथेरानला गेलात तर एवढं लक्षात ठेवा. घोड्याच्या मागून जाऊ देऊ नका. आधी मालकाला विचारा, मग खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जा. खाऊ द्यायचा तर तळहात सपाट ठेवून, बोटं उघडी न सोडता. आणि ज्यांच्या घरी वछेरी-शिंगरू आहे, त्यांनी मोकळं सोडताना मोहरकी काढून ठेवावी, ती कुंपणात अडकून मान मोडू शकते. बांधताना नेहमी सुरगाठ मारावी, निरगाठ नको. वेळेला एका ओढीत सुटली पाहिजे.

माझ्या तळहातावर अजून वण आहे. पोळ्या लाटताना तो लाटण्याला लागतो. मग पुढ्यात कोण बसलं आहे, आणि त्याने एखादं पाऊल टाकलं आहे का, ते मी एकदा बघून घेते.

पुढच्या वेळी पुन्हा आपल्या कुरडया आणि पापड.