संगणकाचा उशीर आणि प्रोसेसरचा दोष

संगणक सुरू होण्यास फार वेळ लागत असेल, तर आंत जाऊन प्रोसेसरांची संख्या वाढवावी, म्हणजे तो तत्काळ जागा होतो, अशी एक समजूत विद्यार्थ्यांत रूढ झाली आहे. कांहीं पालक तर या उपायासाठीं पदरचे पैसेही मोजतात. ही समजूत खरी नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि ती कां खरी नाहीं, हें जाणणें मुलांच्या व पालकांच्या हिताचें आहे.

प्रथम हा उपाय म्हणजे काय तें पाहूं. विंडोजमध्यें ‘एमएसकॉन्फिग’ उघडून ‘बूट’ या सदरांतील अधिक पर्याय पाहिले असतां ‘नंबर ऑफ प्रोसेसर्स’ अशी एक चौकट आढळते. तींत मोठा आंकडा निवडला कीं यंत्रास नवें बळ आलें, असा भास होतो. वस्तुतः चौकट मोकळी असतांना विंडोज यंत्रांतील सर्वच प्रोसेसर कामास लावते. ती चौकट मर्यादा घालण्यासाठीं आहे. बिघाड शोधणारास थोड्या प्रोसेसरांवर यंत्र चालवून पाहतां यावें, एवढाच तिचा हेतु. चार असतांना चार निवडल्यानें कांहींच मिळत नाहीं, आणि चुकून दोन निवडले तर निम्मे कामकरी घरीं बसतात. पूर्वीं कोणी अशी मर्यादा घालून ठेविली असेल, तर ती काढल्यानें मात्र लाभ होईल. या समजुतींत सत्याचा अंश आहे तो एवढाच.

मग उशीर होतो कोठें? पुष्कळ जुन्या संगणकांत सारी सामग्री फिरत्या हार्ड डिस्कवर असते. मिनिटास ५,४०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यास सुमारें ११ सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्या अवधींत ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर तीन कोटींहून अधिक ठोके घेतो. म्हणजे प्रोसेसर केव्हांच सज्ज होऊन बसलेला असतो. वाट पाहावी लागते ती सामग्रीची.

भोर-वेल्ह्याच्या मुलांस हें भातशेतीवरून सहज समजेल. लावणीस दहा माणसें अधिक आलीं तर खाचर लवकर उरकतें. परंतु रोप तयार होण्यास जे दिवस लागतात, ते माणसें वाढवून कमी होत नाहींत. जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञानें १९६७ सालीं हाच विचार गणितानें मांडला. कामाचा निम्मा भाग वांटून देण्याजोगा नसेल, तर हजार प्रोसेसर लाविले तरी तें काम दुपटीहून अधिक वेगानें होणार नाहीं. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं अनेक प्रोसेसर एकत्र जोडून ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. पण तो ज्या मोठमोठ्या गणितांचे तुकडे पाडून वांटणी करतां येते, त्यांच्यासाठीं. संगणक जागा होण्याचें काम बरेंचसें एकामागून एक पायरीनें चालतें. तेथें ही युक्ति फारशी चालत नाहीं.

पालकांस आमची विनंती अशी कीं, पैसे देण्यापूर्वीं मुलास घड्याळ लावून यंत्रास किती वेळ लागतो तें लिहून ठेवावयास सांगावें. नंतर ‘टास्क मॅनेजर’ उघडून ‘स्टार्टअप’ या सदरांत, आरंभींच आपोआप चालू होणारे जे अनावश्यक प्रोग्रॅम दिसतील ते बंद करावे. यास एक पैही लागत नाहीं. एवढ्यानें भागलें नाहीं व आंत हार्ड डिस्क असली, तर आपल्या सर्व कागदांच्या प्रती काढून ठेवून, फिरता भाग नसलेली एसएसडी बसवावी. खर्च करावयाचाच तर तो येथें सार्थकीं लागतो. प्रत्येक उपायानंतर पुन्हां वेळ मोजावा.

विद्यार्थ्यांनो, कोणी उपाय सुचविला कीं तो कोणत्या कारणावर आहे, हें आधीं विचारीत जा. विज्ञानाच्या तासास जें शिकतां, त्याचा उपयोग घरच्या यंत्रावर करण्याची ही चांगली संधि आहे, आणि तींत वडिलांचे कष्टाचे चार पैसेही वांचतील.