गोळी एक, गंजी कुणाची?

बायांनो, उत्तम आकिंचन्याच्या दिवशी बस्तीतनं बाहेर पडताना एक काका पोरांना सांगत होते, “पहिलं महायुद्ध म्हणजे काय? एका माथेफिरूनं राजपुत्राला गोळी घातली, झालं सुरू!” आत परिग्रहावर तासभर प्रवचन ऐकलेलं, ते चपला घालेपर्यंतसुद्धा टिकलं नाही की हो!

२८ जून १९१४ ला साराजेवोत गोळी सुटली, हे खरं. पण गंजी रचलेली असल्याशिवाय ठिणगीनं गाव जळत नाही. इंग्लंड-जर्मनीची युद्धनौकांची चढाओढ, आफ्रिकेची वाटणी, तोफांचे कारखाने, एकमेकांशी केलेले करार, ही ती गंजी. २८ जुलैला ऑस्ट्रियानं सर्बियावर युद्ध पुकारलं आणि आठवड्याभरात रशिया, जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड सगळे त्यात. जो तो म्हणतोय, आम्ही फक्त आमचं राखतोय! गृहस्थाला विरोधी हिंसेची मोकळीक आहे, असं आपल्यातही लगेच सांगतात. पण बांध कोरणारा भाऊही विळा हातात घेऊन हेच म्हणतो. राखायचं म्हणता ते मुळात आलं कुठनं, हे कुणी विचारायचं?

युरोपातलं भांडण, आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नका. इराणच्या तेल कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर इंग्रज सरकारनं १९१४ सालीच घेतले होते. ते तेल राखायला नोव्हेंबरात हिंदी फौज बसऱ्याला उतरली. पुढं कूत गावात पुण्याची सहावी डिव्हिजन वेढ्यात सापडली. त्यात १०३ आणि ११० नंबरच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, १४७ दिवस. धान्य संपलं तेव्हा घोडे कापले. कित्येक हिंदी शिपायांनी धर्मासाठी ते मांस नाकारलं. उपाशी राहिले, आजारी पडले. आपण दहा दिवस उपास केला तर वाजतगाजत पारणं होतं. त्यांचं पारणं म्हणजे शरणागती, आणि मग वाळवंटातनं पायपीट. त्यांचा सेनापती टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर सुखात राहिला. वाटेत आणि कैदेत हजारो मेले.

बसऱ्याला इंग्रजांनी मोठं स्मारक बांधलं. गोऱ्या शिपायांची नावं कोरली. आपल्या साध्या शिपायांचा पलटणीवार फक्त आकडा. सातबाऱ्यावर, पत्रिकेवर जिचं नाव राहून जातं, तिला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मी शिपायाला नावं ठेवत नाही. बेळगावच्या भरतीसाठी आमच्या हायवेच्या कडेनं पहाटे पोरं पळतात, त्यांची छाती मला ठाऊक आहे. राग आहे तो घरात बसून टीव्हीपुढं “होऊन जाऊ दे एकदा” म्हणणाऱ्यांवर. होऊन जाऊ दे म्हणणाऱ्याच्या घरातनं कोण जातंय?

पुढच्या खेपेला कुणी असं म्हणालं, की चहा देता देता विचारा: “काका, लढाई कुणाच्या परिग्रहासाठी? आणि पोरगं कुणाचं?” उत्तर येईपर्यंत कप हातातच धरून ठेवा.