मीठ, गंज आणि ब्रेक
अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवरील बर्फ वितळवण्यासाठी टाकले जाणारे मीठ जुन्या प्रवासी व्हॅनच्या अँटीलॉक ब्रेक यंत्रणेस, म्हणजे जोराने ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या व्यवस्थेस, घातक ठरते. हबवरील चुंबकीय सेन्सर त्याच्यासमोर फिरणाऱ्या दातेरी कड्यामुळे निर्माण होणाऱ्या विद्युत स्पंदनांवरून चाकाचा वेग संगणकास कळवतो. परंतु सेन्सरच्या बैठकीखाली गंज साचला की तो वर उचलला जातो, कड्यापासूनचे अंतर वाढते आणि कमी वेगात मुळातच क्षीण असणारा संकेत नाहीसा होतो. परिणामी चाक जाम झाले असे समजून संगणक गाडी थांबत असतानाच ब्रेकचा दाब सोडतो व थांबण्याचे अंतर वाढते. याच दोषामुळे जनरल मोटर्सने २००५ मध्ये सुमारे आठ लाख पिकअप व एसयूव्ही दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. इशाऱ्याचा दिवा पेटला नसला तरी सावकाश थांबताना पेडल थरथरत असेल, तर फ्यूज काढून यंत्रणाच बंद ठेवणे हा उपाय नव्हे. सेन्सर काढून बैठक गंजमुक्त करणे आणि प्रत्येक चाकाचा संकेत तपासून घेणे हे वाहनमालकाचे प्रवाशांप्रति कर्तव्य आहे.