टाइल्सच्या दरजा का झडतात?

मैत्रिणींनो, शहाद्याच्या एका भगिनीने विचारले आहे, "घर बांधून चार वर्षंही झाली नाहीत, तोच न्हाणीघरातल्या टाइल्समधलं पांढरं सिमेंट भुगा होऊन निघतंय. गवंडी दोनदा भरून गेला, तरी तेच. काय करावं?"

हा प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नाही. आमच्या नंदुरबारलाही कितीतरी न्हाणीघरांच्या कोपऱ्यात हा पांढरा भुगा दिसतो आणि खापर फुटते गवंड्याच्या डोक्यावर. त्याची चूक असते, नाही असे नाही, तिच्याकडे येतेच. पण पहिला चोर बहुधा आपल्याच मोरीतल्या बाटलीत बसलेला असतो, आणि तो म्हणजे अ‍ॅसिड.

बोअरचे पाणी क्षाराचे असले की ते टाइलवर वाळून पांढरा थर धरते. घासून हात दुखले तरी तो निघत नाही. मग दिवाळीची साफसफाई काढली की आपण अ‍ॅसिड ओततो. थर फसफसून निघतो, टाइल नव्यासारखी दिसते, आणि आपण खूश! पण त्या थरात जो चुना, तोच दरजेतल्या सिमेंटमध्येही. अ‍ॅसिडला दोन्ही सारखेच. टाइलवर काचेसारखे कवच असते म्हणून ती वाचते; दरजेला कवच कुठले? विज्ञान हा माझा विषय नव्हे, मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. पण आमच्या विज्ञानाच्या बाईंनी सिमेंटच्या खपलीवर अ‍ॅसिडचा थेंब टाकून दाखवला, तेव्हा उठलेले बुडबुडे पाहून खात्री पटली. लिंबू आणि व्हिनेगर हेच काम सावकाश करतात. शहाबादी आणि कोटा फरशी तर मुळातच चुनखडीचा दगड. तिच्यावर यातले काहीच टाकू नये.

आणखी एक सांगायलाच हवे. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि लहानशा बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. शिवाय कितीतरी घरी हे काम मावशींकडे असते. आपण त्यांच्या हातात बाटली देतो, हातमोजे मात्र देत नाही. हे मला पटत नाही.

तर मग पांढऱ्या थराचे काय? तो साचूच देऊ नये. पाणी वाळते तेव्हाच क्षार मागे राहतो, म्हणून शेवटच्या माणसाची आंघोळ झाली की वायपरने भिंत आणि जमीन निपटून घ्यावी. दोन मिनिटांचे काम, आणि ते घरातल्या पुरुषमाणसांनाही जमते! आठवड्यातून एकदा भांड्यांचा साबण आणि नायलॉनचा ब्रश. तारेची घासणी नको.

आता झडलेल्या दरजांबद्दल. भरण्याआधी प्रत्येक टाइल पळीच्या दांड्याने हलकेच वाजवून पाहावी. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर खाली पोकळी आहे. अशी टाइल पायाखाली हलत असली, तर दरज दहा वेळा भरा, दहा वेळा फुटेल. ती गवंड्याकडून उखडून पुन्हा बसवून घ्यावी.

टाइल घट्ट असेल तर काम घरी जमण्यासारखे आहे. सैल झालेले सिमेंट जुन्या स्क्रू-ड्रायव्हरने निदान दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडून काढावे. वरवर लेप दिला तर तो पापडासारखा सुटतो. धूळ उडू नये म्हणून जागा किंचित ओली करावी, नाकावर रुमाल बांधावा. भुगा झाडून दरज ओलसर ठेवावी, पाणी साचलेले नको.

दुकानात ग्राउट म्हणून तयार पावडर मिळते. नुसत्या पांढऱ्या सिमेंटपेक्षा ती बरी, कारण तिला तडे कमी जातात. हातमोजे घालून, पाण्यात थोडी थोडी पावडर घालत घट्ट श्रीखंडासारखे कालवावे. गवंडी घाईत चूक करतो ती इथेच. पातळ कालवले की भरायला सोपे, पण जादा पाणी उडून गेले की आत बारीक भोके राहतात. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा ढवळावे, वरून पाणी घालू नये. जुन्या स्लिपरच्या रबराचा तुकडा कापून त्याने दरजेत तिरके दाबत भरावे. पंधरा-वीस मिनिटांनी पिळलेल्या स्पंजने पुसून घ्यावे.

पुढची गोष्ट आपल्या भागात फार महत्त्वाची. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी भरलेली दरज घट्ट होण्याआधीच सुकते आणि महिन्याभरात भुगा होते. म्हणून हे काम संध्याकाळी करावे. पांढरे सिमेंट वापरले असेल तर दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस त्यावर ओले सुती फडके ठेवावे. तयार ग्राउटला पाकिटावर लिहिले असेल तसे. निदान एक दिवस तिथे कोणाला आंघोळ करू देऊ नये, मग शेजारणीकडे बादली न्यावी लागली तरी चालेल.

भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात मात्र सिमेंट टिकत नाही, कारण दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलतात. तिथे सिलिकॉन भरावे. आणि ओट्यामागच्या टाइल्सना तिखट-हळदीचे डाग फार पडत असतील तर इपॉक्सी ग्राउटचा विचार करावा. त्यावर डाग बसत नाहीत, लिंबाचाही परिणाम होत नाही. महाग आहे, आणि चटकन घट्ट होत असल्याने जाणत्या कारागिराकडूनच भरून घ्यावे.

उरलेली पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. पावसाळ्यात तिचे गोळे झाले तर चाळून वापरू नये, फेकून द्यावी.