नोकरी करणाऱ्याने अभियंता व्हावयाचे नाही काय?

बुलढाणा जिल्ह्यात अभियांत्रिकीचे पदवी-शिक्षण येऊन चाळीस वर्षे उलटली. शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली निघाले. पुढे चिखली, मलकापूर, बुलढाणा येथेही महाविद्यालये उभी राहिली. खामगावला शासकीय तंत्रनिकेतन आहे, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था तर तालुक्याच्या गावी पोहोचल्या आहेत. शिकायला जागा नाही, ही तक्रार आता कोणी करू नये. माझी तक्रार निराळी आहे. ही सारी व्यवस्था अठरा वर्षांच्या मुलाला डोळ्यांपुढे ठेवून रचलेली आहे. ज्याला संसार आहे, ज्याच्या पगारावर चार माणसे जेवतात, अशा प्रौढ कामगाराचा तिने विचारच केलेला नाही.

महावितरणमधला तिशीतला तारतंत्री घ्या, किंवा एस. टी.च्या आगारातला यांत्रिक घ्या. आय. टी. आय. करून तो कामाला लागला. दहा वर्षांत रोहित्र का जळते, इंजिनाचा कोणता आवाज कशाची सूचना देतो, हे तो नव्या पदवीधराला शिकवू लागला. त्याला अभियंता व्हायचे असेल तर कागदावर वाट आहे: आय. टी. आय.वरून पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला, पदविकेवरून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणजे एकूण पाच वर्षे. आणि ती बहुतेक ठिकाणी दिवसा, पूर्णवेळ.

शिक्षणाची किंमत केवळ शुल्काची नसते. शिकत असताना जी मिळकत बुडते तीही किंमतच असते. अठरा वर्षांच्या मुलाची बुडती मिळकत जवळजवळ शून्य. बत्तीस वर्षांच्या कामगाराच्या बाबतीत ती म्हणजे त्याचे अख्खे घर. आपल्या शिष्यवृत्त्या आणि शुल्कमाफी पहिल्या किमतीचाच हिशेब करतात. त्यामुळे उद्या शुल्क पूर्ण माफ झाले तरी हा तारतंत्री महाविद्यालयाच्या पायऱ्या चढणार नाही.

पूर्वी त्याच्यासाठी एक मागचा दरवाजा होता. १९२० साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स या संस्थेची ए. एम. आय. ई. परीक्षा नोकरी सांभाळून देता येत असे, आणि सरकार ती पदवीसमान मानीत असे. दिवसभर काम आणि रात्री कंदिलाच्या नाही तरी चाळीस वॉटच्या दिव्याखाली अभ्यास करून माणसे त्या वाटेने अभियंता झाली. मुंबईत व्ही. जे. टी. आय.सारख्या संस्थेत नोकरदारांसाठी अर्धवेळ पदवीवर्गही होते. पण खामगावच्या माणसाला त्यांचा उपयोग काय? ए. एम. आय. ई.ची ही मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदविणाऱ्यांपुरतीच उरली. पुढे काही अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने वाटलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये कठोर निर्णय दिला, आणि आता अभियांत्रिकीची पदवी दूरशिक्षणाने देता येत नाही. तो निर्णय मला तत्त्वतः मान्य आहे. प्रयोगशाळेवाचून अभियंता घडत नाही. परंतु ज्याची प्रयोगशाळा म्हणजेच त्याचे रोजचे कामाचे ठिकाण, त्याच्यासाठी एक दार बंद करताना दुसरे उघडणे हे शासनाचे कर्तव्य होते.

येथे कोणी म्हणेल की उमेदवारीचा कायदा आहे ना! आहे, १९६१ चा आहे, आणि १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर व पदविकाधारकही त्यात आले. पण त्याचा रुळलेला क्रम पाहा: आधी पदवी, मग उमेदवारी. उमेदवारी करता करता पदवी, ही कल्पना मागेच राहिली. २०१९ च्या नियमांनी पदवीधर उमेदवाराचे विद्यावेतन दरमहा किमान ९,००० रुपये आणि पदविकाधारकाचे ८,००० रुपये ठरविले. कायद्याचे अठरावे कलम सांगते की उमेदवार हा शिकाऊ आहे, कामगार नव्हे. नव्या श्रमसंहितांतील कामगाराच्या व्याख्येतूनही त्याला वगळले आहे. शिवाय २०१६ च्या योजनेने त्याच्या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, सरकारी तिजोरीतून देऊ केला. अशा अटींवर संसारी माणसाने कायम नोकरी सोडून उमेदवार व्हावे, असे कोणता शहाणा माणूस सांगेल?

इतर देशांनी हा प्रश्न सोडविलाच नाही असे नाही. जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग प्रांतात १९७४ पासून कारखाना आणि वर्ग यांच्यात आळीपाळीने शिकविण्याची पद्धत आहे. ब्रिटनने २०१५ मध्ये पदवी-उमेदवारी सुरू केली: उमेदवार हा पगारी नोकर, शुल्क त्याच्याकडून घ्यायचे नाही, आणि अभ्यासाचा ठरावीक वेळ कामाच्या तासांतलाच. एप्रिल २०१७ पासून तेथे ज्यांचा वार्षिक पगारखर्च ३० लाख पौंडांच्या वर आहे अशा मालकांवर अर्धा टक्का कर बसविला गेला. त्या पैशातला मोठा वाटा व्यवस्थापकांच्याच शिक्षणावर जातो अशी टीका तेथे झाली, आणि ती विचारात घेण्याजोगी आहे. तरीही शिक्षणाचा खर्च मालकवर्गाने उचलावा, हे तत्त्व एका भांडवलशाही देशाने मान्य केले. आणि आपल्या सरकारला ते अगदीच अपरिचित होते असेही नाही. रेल्वेने जमालपूरला निवडक तरुणांना उमेदवार म्हणून घेतले, विद्यावेतन दिले, आणि पुढच्या काळात मेसराच्या संस्थेची पदवीही मिळवून दिली. ती योजना आता बंद आहे. पण ती होती अधिकारी घडविण्यासाठी. कर्मशाळेतल्या फिटरसाठी तसे काही करावे, हे कोणाला सुचले नाही.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेचे पदवीवर्ग चालविण्यास मुभा दिली आहे. पाऊल योग्य दिशेचे आहे. पण वेळापत्रक लवचीक केले म्हणजे कामाची पाळी लवचीक होत नाही. वादळात खांब पडला की तारतंत्र्याला संध्याकाळचा वर्ग सोडावाच लागेल. लोणार, सिंदखेडराजाच्या माणसाने दिवसभर राबून रोज शेगाव गाठणे हे तर बोलण्यातच शक्य आहे. पगारी वेळ मिळाल्यावाचून या मुभेचा लाभ कचेरीत बसणाऱ्यालाच होईल.

आपल्या कामगार संघटना उमेदवारांना कायम करा अशी मागणी करतात, ती रास्तच आहे. परंतु पगारी अभ्यासरजा हा विषय त्यांच्या मागणीपत्रकांत क्वचितच दिसतो. काही जुन्या सहकाऱ्यांना वाटते की अभियंता झालेला कामगार संघटनेतून निघून जाईल आणि उद्या साहेब होऊन आपल्यालाच नोटीस देईल. भीती अगदी खोटी नाही. पण त्या भीतीपोटी कामगाराला हातोड्याशी जखडून ठेवायचे असेल, तर आपल्यात आणि मालकात फरक काय राहिला?

महावितरण ही सरकारी कंपनी आहे आणि एस. टी. हे सरकारी महामंडळ. दोघेही दरवर्षी उमेदवार घेतात. आठवड्यातून एक दिवस पगारी अभ्यासाचा, शुल्क संस्थेचे, त्याबदल्यात तीन वर्षे तेथेच नोकरी करण्याचे बंधन, आणि प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला विद्यापीठाकडून श्रेयांक, एवढे कलम पुढच्या वेतनकराराच्या मसुद्यात घालता येईल. बंधनाला माझा विरोध नाही. मात्र ते तीन वर्षांहून अधिक नसावे, आणि मध्येच सोडणाऱ्याकडून वसुली केवळ शुल्काची व्हावी, पगाराची नव्हे. बुलढाणा विभागातल्या आगारांत आणि वीज उपकेंद्रांत पदविका असलेले, पण पदवीवाचून अडलेले किती जण आहेत, याची यादी जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी तालुकावार करावी. वाटाघाटीला बसताना ती हाताशी लागेल.