खेळ कंपनीचा, मांडव कोणाचा?

व्हिडिओ गेमच्या हौशी स्पर्धांवर खेळ बनवणाऱ्या कंपन्या ज्या अटी घालतात, त्यांची वकिली करणारं एक मत सध्या फार ठासून मांडलं जातं. ते मांडणाऱ्या एका लेखकमहाशयांचा युक्तिवाद थोडक्यात असा: खेळ कंपनीने बनवला, पैसा कंपनीने घातला, तेव्हा तो कुठे, कसा आणि किती जणांत खेळला जावा हे कंपनीच ठरवणार. नाटक बसवायचं तर आपण लेखकाची परवानगी घेतो, मानधन देतो. मग गेमच्या कंपनीनेच काय घोडं मारलंय? शिवाय अटी नसतील तर जुगार बोकाळेल, पोरांची फसवणूक होईल. आधी तर लेखी काहीच नव्हतं, आता निदान नियम तरी आहेत, त्याबद्दल कंपनीचे आभार माना. ज्याला पटत नसेल त्याने दुसरा खेळ शोधावा. हे सगळं अशा थाटात लिहिलेलं आहे की वाचणाऱ्याला वाटावं, विषय मिटला. विषय मिटलेला नाही. मालकीचा मुद्दा एकदा उच्चारला की पुढची प्रत्येक अट आपोआप न्याय्य ठरते, असं धरून चालल्यामुळे महाशयांनी अटींकडे नीट पाहिलेलंच नाही.

तेव्हा अटी समोर ठेवूनच बोलू. निन्टेन्डोने छोट्या, नफ्यासाठी नसलेल्या स्पर्धांसाठी केलेली नियमावली 15 नोव्हेंबर 2023 पासून लागू झाली. अमेरिकेसाठी तिच्यातले आकडे असे: प्रत्यक्ष जमून होणाऱ्या स्पर्धेत जास्तीत जास्त 200 खेळाडू, ऑनलाइन स्पर्धेत 300, प्रवेश फी 20 डॉलरपर्यंत, प्रेक्षकाचं तिकीट 15 डॉलरपर्यंत, बक्षिसं 5,000 डॉलरच्या आत. याहून मोठं काही करायचं असेल तर वेगळा परवाना मागायचा. आकड्यांवर वाद घालता येईल, पण तो माझा मुख्य आक्षेप नाही. आक्षेप पुढच्या ओळींना आहे. प्रायोजक घ्यायचा नाही. त्याने पैसे दिले तरी नाही, वस्तू दिल्या तरी नाही, सेवा दिली तरी नाही. आयोजकांनी खाद्यपदार्थ, पेयं, टी-शर्ट विकायचे नाहीत. कंपनीची मान्यता नसलेली उपकरणं वापरायची नाहीत. आणि हे नियम बदलण्याची मुभा कंपनीकडे आहेच. यातली पहिली दोन कलमं वाचल्यावर एकच प्रश्न उरतो: यात खेळ कुठे आला?

नाटकाची उपमा महाशयांनी स्वतःच दिली आहे, म्हणून तीच धरून पुढे जाऊ. मराठी वाचकाला तिच्यातलं खरंखोटं तपासायला बाहेरचा साक्षीदार लागत नाही. हौशी नाट्यसंस्था नाटक बसवायला घेते तेव्हा नाटककाराची, तो हयात नसेल तर त्याच्या वारसांची, परवानगी घेते, ठरलेलं मानधन पोचतं करते, संहितेला हात लावायचा असेल तर आधी विचारते. हे रास्तच आहे आणि जे हे करत नाहीत ते चुकतात. पण त्या परवानगीच्या पत्रात नाटककार असं लिहीत नाही की मध्यंतरात बटाटेवडा विकू नका. स्मरणिकेत कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याची पाव पान जाहिरात घेऊ नका, असं लिहीत नाही. गावातल्या सुताराने नेपथ्यासाठी फळ्या फुकट दिल्या तर त्या परत पाठवा, तालमीला शाळेचा वर्ग कुणी बिनभाड्याने दिला तर तो नाकारा, प्रकाशयोजनेचे दिवे आमच्या शिक्क्याचे नसतील तर अंधारात प्रयोग करा, असं आजवर कुठल्या नाटककाराने लिहिलं आहे? त्याचा हक्क संहितेवर आहे, रंगमंचावरून उच्चारल्या जाणाऱ्या शब्दांवर आहे. प्रेक्षागृहाच्या पॅसेजमधल्या वड्याच्या कढईवर तो हक्क सांगत नाही, कारण ती कढई त्याच्या नाटकातून जन्मलेली नाही. ती जन्मते माणसं जमण्यातून. माणसं जमवण्याचं काम नाटककार करत नाही, संस्था करते; खुर्च्या मांडते, तिकिटं खपवते, पाऊस आला तर ताडपत्री शोधते. कंपनीचा परवाना नेमका याच जमण्यावर हात ठेवतो, आणि महाशय त्यालाच मालकी म्हणतात.

आपल्या कायद्याने तर हौशी मंडळींसाठी मुद्दाम जागा सोडलेली आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये जी कृत्यं हक्कभंग मानायची नाहीत त्यांची लांब यादी आहे. हौशी मंडळाने प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेला, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला, साहित्य, नाट्य वा संगीतकृतीचा प्रयोग तिच्यात येतो. हे कलम व्हिडिओ गेमला जसंच्या तसं लागू होतं असा माझा दावा नाही, आणि अमेरिकेतल्या स्पर्धेला त्याचा काडीचा उपयोग नाही. पण कायदा करणाऱ्यांना काय दिसलं होतं ते त्यातून कळतं. हौशी माणूस लेखकाच्या ताटातलं ओढत नाही, उलट तो लेखकाचं नाव गावोगाव नेतो, हे त्यांना ठाऊक होतं. कंपन्यांना हेच दिसत नाही, आणि त्यांच्या वकिलांना तर दाखवूनही दिसत नाही.

आता जरा हिशोब करू, कारण प्रायोजकबंदी म्हणजे काय हे बेरजेतूनच नीट कळतं. 200 खेळाडू, प्रत्येकी 20 डॉलर, म्हणजे 4,000 डॉलर. बक्षिसाची कमाल मर्यादा 5,000 डॉलर. खेळाडूंकडून घेता येणारा शेवटचा पैसा घेतला आणि त्यातला एकही दुसरीकडे वळवला नाही, तरी बक्षिसाची ती रक्कम गाठता येत नाही. मग हॉलचं भाडं कुठून द्यायचं? विजेचं बिल? प्रक्षेपणासाठी लागणारं इंटरनेट? 'सुपर स्मॅश ब्रदर्स'ची 2001 सालची 'मेले' ही आवृत्ती जे लोक खेळतात त्यांची सोय पाहा. तो खेळ गेमक्यूब या यंत्रावरचा, आणि ते यंत्र जुन्या, मागे कुबड असलेल्या काचेच्या टीव्हीलाच नीट जुळतं. नव्या सपाट पडद्यावर चित्र क्षणभर उशिरा उमटतं आणि सेकंदाच्या साठाव्या भागावर चालणाऱ्या या खेळात तेवढा उशीर डाव घालवतो. म्हणून स्पर्धेच्या सकाळी चार-सहा जण असले जडशीळ टीव्ही गाडीच्या डिकीतून उतरवतात, पोटाशी धरून जिना चढवतात, टेबलांच्या रांगा लावतात, मल्टिप्लगला मल्टिप्लग जोडतात. कंट्रोलरचीही तीच गत. वर्षानुवर्षं वापरून त्यांच्या दांड्या सैल होतात, म्हणून खेळाडू त्यांची दुरुस्ती करतात, आत सुटे भाग बदलतात, काही जण दांडीऐवजी नुसती बटणं असलेले चपटे डबे वापरतात. शेजारच्या संगणकाच्या दुकानदाराने अशा स्पर्धेला दोनशे डॉलर आणि दहा एक्स्टेन्शन बोर्ड दिले तर खेळाच्या मालकाचं काय नुकसान झालं, याचं उत्तर महाशयांच्या लेखात नाही. ते असूच शकत नाही.

इथे एक जुना वाद उकरला जातो, तोही निकालात काढू. व्हिडिओ गेम म्हणजे चेंडू की नाटक? आमच्या बाजूचे काही उत्साही लोक म्हणतात की बुद्धिबळ किंवा कबड्डी कुणाच्या मालकीची नाही, तसाच गेमही सर्वांचा. हा युक्तिवाद लंगडा आहे आणि तो आम्ही सोडून द्यायला हवा. कबड्डीचं मैदान कुणी लिहिलेलं नाही. गेममधलं प्रत्येक पात्र, प्रत्येक सूर, प्रत्येक पायरी कुणीतरी पगार घेऊन घडवलेली आहे. समोरची बाजू मग विजयी मुद्रेने दक्षिण कोरियाचा दाखला देते. तिथे 1998 च्या 'स्टारक्राफ्ट'भोवती टीव्हीवरच्या स्पर्धांचा मोठा धंदा उभा राहिला, तिथल्या संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क वाहिन्यांना विकले, खेळाची कंपनी म्हणाली की हक्क आमचे. प्रकरण न्यायालयात गेलं आणि 2011 मध्ये तडजोड झाली. कंपनीची बाजू त्यात अगदीच पोकळ नव्हती, हे मान्य. पण तो वाद वाहिन्यांच्या पैशांचा होता. रोज प्रक्षेपण करून जाहिराती विकणारी वाहिनी आणि शनिवारी हॉल भाड्याने घेणारं मित्रमंडळ यांना एकाच तराजूत टाकणं ही युक्ती आहे, युक्तिवाद नाही. आणि इतिहासच काढायचा तर पूर्ण काढावा. हीच निन्टेन्डो 1889 मध्ये क्योतोत सुरू झाली ती हानाफुदाचे, म्हणजे फुलांच्या चित्रांचे, पत्ते बनवत. तो पत्ता विकला गेला की पुढे कोणाच्या ओसरीवर किती जण बसून डाव मांडतात आणि चहा कोण पाजतं, याची चौकशी करायला क्योतोहून कोणी येत नव्हतं.

हौशी लोकांनी खेळाला काय दिलं, याकडेही महाशय पाठ फिरवतात. गेमक्यूबचं उत्पादन थांबून कैक वर्षं झाली. तरी त्यावरचा 2001 सालचा हा खेळ 2013 मध्ये लास व्हेगासच्या 'इव्हो' या मोठ्या स्पर्धेत पोचला. तो पोचला चाहत्यांनी स्तनाच्या कर्करोगावरील संशोधनासाठी 94,000 डॉलरहून अधिक देणगी जमवून, इतर खेळांच्या चाहत्यांना मागे टाकून. त्यावर कंपनीने काय केलं? प्रक्षेपणाला मनाई केली. ओरड झाली तेव्हा काही तासांत मनाई मागे घेतली. 2020 च्या साथीत माणसं घरात अडकली तेव्हा चाहत्यांनीच बनवलेल्या 'स्लिपी' या प्रणालीमुळे हा खेळ इंटरनेटवर नीट खेळता येऊ लागला. त्याच नोव्हेंबरात 'बिग हाऊस' ही ऑनलाइन स्पर्धा कंपनीच्या नोटिशीमुळे रद्द झाली. स्लिपीसाठी खेळाची बेकायदा प्रत लागते, असं कंपनीचं म्हणणं होतं. बेकायदा प्रतीवर कारवाई करण्याचा तिचा हक्क मी नाकारत नाही. पण नेटवर खेळण्याची तशी सोय तिने स्वतः त्या खेळाला कधी दिली नव्हती, आणि एकत्र जमणं त्या महिन्यांत धोक्याचं होतं. दोन्ही वाटा बंद असताना आपल्यावर सर्वाधिक जीव टाकणाऱ्यांना तिने नोटीस पाठवली.

उरलेल्या मुद्द्यांवर फार शब्द खर्चण्याची गरज नाही. जुगाराची भीती खरी असेल तर मनाई पैजेला हवी, टी-शर्टला नव्हे. आपल्याकडच्या 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानेसुद्धा ई-स्पोर्टच्या व्याख्येत प्रवेश फी आणि कामगिरीवरचं बक्षीस मान्य करून पैज लावणं तेवढं बाहेर ठेवलं आहे. पोरांची फसवणूक करणाऱ्याला फसवणुकीचे कायदे आहेतच. आधी काही लेखी नव्हतं, आता आहे, हे खरं. पण एका बाजूला हवं तेव्हा बदलता येणारं लेखी हे तोंडी शब्दापेक्षा फारसं भक्कम नसतं. आणि 'दुसरा खेळ शोधा' हे वीस वर्षं एकाच खेळावर हात बसवलेल्या माणसाला सांगणं म्हणजे तबलजीला बासरी वाजव म्हणण्यासारखं आहे.

मग हवं काय, असं विचारणारे विचारतीलच. परवाना असावा, पण तो खेळापुरता असावा. खेळाची प्रत अधिकृत हवी, कंपनीच्या नावाचा नि चिन्हाचा गैरवापर नको, ही स्पर्धा कंपनीची नाही असं स्पष्ट लिहिलेलं हवं, प्रक्षेपण विकायचं असेल तर वेगळा करार हवा. एवढं पुरे. स्थानिक प्रायोजक, खाणंपिणं, टी-शर्ट हा आयोजकाचा कारभार. कंपनीला लाज वाटेल असे धंदे, तंबाखू, दारू, सट्टा, तिने नावानिशी वगळावेत. जमाखर्च आयोजकाने खेळाडूंना दाखवावा. आणि स्पर्धा जाहीर झाली त्या दिवशी जे नियम होते तेच ती संपेपर्यंत लागू राहावेत. ही कलमं अर्ध्या पानात बसतात.

ही दूर अमेरिकेतली भांडणं म्हणून सोडून देऊ नयेत. आपल्याकडे कॉलेजच्या गॅदरिंगपासून गल्लीतल्या गेमिंग कॅफेपर्यंत मोबाइलवरच्या आणि संगणकावरच्या खेळांच्या स्पर्धा होतात, आणि त्यांतला प्रत्येक खेळ कोणत्या ना कोणत्या कंपनीच्या मालकीचा आहे. अटींचे कागद आपल्या आयोजकांच्याही हातात पडणार. तेव्हा माझी त्यांना विनंती आहे: सही करण्यापूर्वी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, जी अट खेळाबद्दल नसून तुमच्या मांडवाबद्दल असेल तिच्याखाली रेघ मारा, आणि ती काढून टाका असं लेखी कळवा. एकट्याने नको, शहरातल्या सगळ्या मंडळांनी मिळून एकाच पत्रावर सह्या करून कळवा.